साडेतीन फुटांवरून गाव

“ते टुंग करीसन वाजनं, ते काय शे?”

“कोठलं, मावशी?”

“तेच! मी ओटावरथीन उतरनी का टुंग. पाऊल टाकं का टुंग, टुंग, टुंग. मन्हा पायमा काय घुंगरं बांधेल शेतस का रे?”

अंकितने लॅपटॉपवर बोट दाबलं, तसं चित्र थांबलं. पडद्यावर तुळशीबाई एक पाय हवेत धरून, पिशवी छातीशी कवटाळून उभी राहिली. पडद्याबाहेरची तुळशीबाई कापडाच्या ताग्यांवर बसून त्याच्याकडे टक लावून बघत होती. अंकितचा बाप पुखराजशेठ. त्यांचं वडफाट्याला कापडाचं दुकान, आणि त्या दुकानाच्या मागच्या खोलीत पोराचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि भिंतीवर ताणलेलं हिरवं कापड, तेही दुकानातलंच. ही माणसं राजस्थानची, पण तीन पिढ्या इथं गेल्या. घरात मारवाडी आणि गल्ल्यावर अहिराणी.

“ती सवय पडी गयी, मावशी,” अंकित म्हणाला. “मन्हा हात आपोआप तठे जास.”

“कोठे जास ते दखाड.”

त्याने नाइलाजाने दाखवलं. लग्नसराई नसली की अंकित अहिराणी विनोदी व्हिडिओ करायचा. नंदुरबारपासून सुरतेपर्यंत, गिरणीत गेलेली आपली माणसं ते बघायची. त्या व्हिडिओंचे आवाज त्याने एका फोल्डरात भरून ठेवले होते. प्रत्येकाला नाव होतं. ‘जाड्या’ला ढोल. ‘चकणा’ला कावळा. ‘तोतरा’ला अडकलेली कॅसेट. ‘बायल्या’ला पैंजण. आणि ‘बुटका’ला ते टुंग.

तुळशीबाईने खालपर्यंत सगळी नावं वाचली.

“बठ्ठं गाव भरी ठेवेल शे तू डबामा,” ती म्हणाली. “नि धडधाकट मानूससाठे कोनता आवाज शे?”

“त्यासले नही लागत.”

“काबर?”

अंकित पुन्हा चित्राकडे वळला.

“आते तो आवाज काढी टाक. नि तेच परत दखाड.”

त्याने आवाज काढला. तीच बाई, तोच ओटा. तिने भिंतीला हात लावला, एक पाय खाली सोडला, जमीन लागली का चाचपलं, मग दुसरा सोडला आणि पिशवी सावरून चालू लागली. मघाशी ह्याच चित्राला पुखराजशेठ दारातून बघून खो खो हसले होते. आताही ते दारातच उभे होते. हसले नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, “तुळशी, तो ओटा इतला उंच शे का?”

वीस वर्षं ग्रामपंचायतीच्या त्या ओट्यासमोर त्यांचं दुकान होतं.

तुळशीबाई साडेतीन फुटांची. वर बोटभर असेल तर असेल. वय बेचाळीस. पाच वर्षांची होईपर्यंत कुणाच्या काही ध्यानात आलं नव्हतं. मग दोन वर्षांनी धाकटा असलेला भाऊ नथ्थू तिच्या डोक्यावरून निघून गेला, आणि घरात उलटा कारभार सुरू झाला. धाकट्याला आखूड झालेले सदरे थोरलीच्या अंगावर येऊ लागले. आईने एकदा शहाद्याच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, हाडं अशीच राहणार. आईने येताना बाजारातून भेळ घेतली, दोघींनी एसटीत खाल्ली, आणि तो विषय तिथंच संपला.

शाळेत गॅदरिंग आलं की ती बाळकृष्ण. पहिलीला बाळकृष्ण, सातवीलाही बाळकृष्णच. आठवीत गुरुजींनी पुन्हा रांगायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, गुरुजी, आता मला पाळी येते. गुरुजींनी त्या वर्षी कृष्णच रद्द केला. पुढे एक बँडवाला आला. लग्नाच्या वरातीत बँडपुढे नाचायला पाहिजे म्हणाला. बापाने तिलाच विचारलं. ती बँडवाल्याला म्हणाली, “नाचसू. पन तुम्ही मन्हा मांगे गुडघावर चालत येवाले पाहिजे.” बँडवाला चहा न पिता गेला.

शिवण ती म्हसावदला शिकली, मावशीकडे, धनुबाईकडे. पायमशीनच्या पायडलला तिचे पाय पोचत नव्हते म्हणून धनुबाईने माळ्यावरचं जुनं हातमशीन उतरवलं. उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्या हाताने कापड सारायचं. त्यामुळे तुळशीबाईचा डावा हात असा तयार झाला की गळ्याचा गोल ती खूण न करता वळवते. पुढे मोटार आली. मोटारीचं पायडल तिने खोक्यावर ठेवलं.

माप घ्यायची तिची एक रीत होती. तिच्याकडे येणारी बाई उभी राहत नसे. दारात लाकडी पाट ठेवलेला असायचा, त्यावर बसायचं, मग ती खांद्यापासून टेप लावायची. सरपंच निर्मलाबाई आल्या तरी पाटावर. कुणी कुरकुर केली नाही, कारण ब्लाउज अंगाला बसायचा. शिवण सुरू झाल्यापासून तिने गावातल्या निम्म्या बायांशी डोळ्याला डोळा लावून बोलून घेतलं ते त्या पाटाच्या जिवावर. पाटावरून उठून रस्त्यावर आली की तीच बाई हिच्या डोक्यावर हात ठेवून “कशी शेस, बाय?” म्हणायची.

सगळं ठीक चाललं होतं, पण नथ्थूच्या पोराचं लग्न ठरलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की लग्न. पुढची खोली, जिथं मशीन होतं, ती आता नव्या जोडप्याला लागणार होती. तसं कुणी बोललं नाही. भावजयीने फक्त नव्या पलंगाच्या फळ्या आणून मशीनच्या मागे भिंतीला टेकवल्या. घरात सांगणं म्हणजे एवढंच असतं.

फाट्यावर ग्रामपंचायतीचे सहा गाळे होते. त्यातला एक अपंगांसाठी राखीव, आणि दोन वर्षं त्यात ब्लिचिंग पावडरची पोती पडून. तुळशीबाईने अर्ज दिला. जानेवारीच्या ग्रामसभेत विषय आला. ती बोलायला उठली आणि मागून आवाज आला, “उठनी का बसेल शे?” सभा हसली. दगाभाऊ हा मेंबर, मनाने मोकळा, हाताने त्याहून मोकळा. तो पुढे आला, तिला काखेत धरून उचललं आणि टेबलावर उभं केलं. “आते दिसनी!” म्हणाला. टाळ्या पडल्या. ती टेबलावर उभी. खाली सगळे हसरे चेहरे. एकही वाईट चेहरा नव्हता, हीच तर पंचाईत. तिला घरून घोकून आणलेलं एकही वाक्य आठवेना. विषय पुढच्या सभेवर गेला.

पुढची सभा आखाजीच्या आधी दहा दिवस. तेव्हा ठरलं नाही तर मशीन फळ्यांसारखंच कुठंतरी भिंतीला टेकवायचं.

तुळशीबाईने विचार केला. आपण बोलायला उठलो की लोक हसतात. पण मोबाईलपुढे हेच लोक तोंड उघडं टाकून मुके बसतात. म्हणून ती अंकितकडे गेली. अंकित चार वर्षं तिच्या मागे होता, व्हिडिओत काम कर म्हणून. जाड्या नवरा, बुटकी बायको, लोक तुटून पडतील. ती आपण होऊन आली तेव्हा तो खुर्चीवरून उठलाच.

“काम नही करानं माले,” ती म्हणाली. “गाळा पाहिजे. सभामा दखाडाले सात मिनिटाना पिच्चर बनाव.”

त्याने बनवला, त्यात टुंग निघालं. ते काढून टाकल्यावर चार दिवसांनी त्याने दुसरा बनवला. आता चित्र काळंपांढरं. ती चालते ते संथ, पाण्यातून चालल्यासारखं. मागे बासरी. ओट्याजवळ ती थांबते तिथं त्याने चित्र तिच्या डोळ्यांजवळ नेलं होतं आणि बासरीत आणखी एक बासरी घातली होती. पुखराजशेठनी चष्मा काढून डोळे पुसले. “बिचारी,” म्हणाले.

“देखं का?” तुळशीबाई अंकितला म्हणाली. “बाप रडना तुन्हा. आते तो माले गाळा दी, का शिधा बांधी दी?”

“मंग काय करानं, मावशी? हसाले बी नको, रडाले बी नको. तिसरं काय ऱ्हास पिच्चरमा?”

तुळशीबाईने इकडे तिकडे पाहिलं. कोपऱ्यात कापडाच्या गाठी ओढायची चाकांची फळी होती, वीतभर उंच. तिने ती पायाने पुढे ढकलली.

“बस आठे.”

तो बसला. आता तिचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर, रुपयाभर वरच.

“मी कशी दिसस?”

“जशी शेस तशी.”

“आते तुन्हा बापकडे देख.”

अंकितने मान वर केली. आधी पोट दिसलं. त्यावर सदऱ्याचं शेवटचं बटण, ते ताणलं गेलेलं. पोटाच्या पलीकडे कुठंतरी हनुवटी. “पप्पा, तुम्हना नाकमा इतला केस शेतस?” तो म्हणाला. मग एकदम उठला आणि ट्रायपॉडपाशी गेला. ट्रायपॉडच्या पायावर लाल चिकटपट्टी होती. घेतला त्या वर्षी, पहिल्या लग्नात, स्टेजवरच्या नवरदेवाचं तोंड बरोबर यावं म्हणून त्याने ती खूण केली होती. नंतर पावणेदोनशे लग्नं झाली, मयती झाल्या, शंभरावर विनोदी व्हिडिओ झाले. खूण हलली नव्हती. सगळं गाव त्याने नवरदेवाच्या उंचीवरून बघितलं होतं, आणि तुळशीबाईला तर त्याहून वाकून, वरून खाली.

त्याने पट्टी उचकटली.

मग तीन दिवस वडफाट्याला जी वरात निघाली ती लोक अजून सांगतात. वाकून वाकून अंकितची कंबर गेली, तेव्हा तो त्या चाकांच्या फळीवर मांडी घालून बसला, कॅमेरा डोळ्याला, आणि तुळशीबाई पुढून दोरी धरून त्याला ओढते आहे. बाजारातल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. “तुळशे, बैल तं भारी आनेल शे!” एकीने टोमणा मारला. “व्हय, पन वळस नही,” तुळशीबाई म्हणाली. तिला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. ह्या वेळी लोक दोघांना हसत होते, आणि एक त्यातला सहा फुटांचा होता.

ती स्वतः चित्रात नव्हती. तिचीच अट होती. “माले तं बठ्ठा देखतस. माले काय दिसस ते दखाड.” तिचा फक्त आवाज. तिसऱ्या दिवशी तर फळीही सोडली. अंकितने मोबाईल तिच्या गळ्यात अडकवून दिला, कॅमेऱ्याचा डोळा पुढे करून. ती ग्रामपंचायतीत अर्जाची चौकशी करायला गेली. ओट्यापाशी दगाभाऊ उभा होता.

“कसाले चढस? मी शे ना!” म्हणाला, आणि नेहमीसारखं उचललं. मोबाईल चालूच होता.

अंकितने ते घरी दोनदा बघितलं. मग म्हणाला, “मावशी, हाई काढी टाकूत. दगाभाऊना मांगे सात-आठ घरं शेतस. तो चिडना तं गाळा गया.”

तुळशीबाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ती त्या रात्री नीट झोपली नाही. दगाभाऊ वाईट माणूस नव्हता. आई गेली तेव्हा लाकडं त्यानेच आणली होती. पण तो उचलतो तेव्हा काय होतं, ते सांगायला तिच्याकडे आजपर्यंत शब्द नव्हते, आणि आता हे एक चित्र होतं. सकाळी ती अंकितला म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तोंड कोन्हंच दिसत नही त्यामा. नि मधमा कापू नको. जितला येळ मी वर व्हती, तितला येळ ठेव.”

“एकोनीस सेकंद शेतस. लोक कंटाळतीन.”

“मी नही कंटाळनी का?”

सभेच्या आदल्या दिवशी तिने दगाभाऊला स्वतः सांगितलं, त्यात तुमचा हात आहे म्हणून. तो खूश झाला. “मंग मन्हं नाव बी टाक खाले!” म्हणाला, आणि सभेला बायकोला, सुनेला घेऊन आला.

सभा शाळेच्या हॉलमध्ये, सकाळी अकराला. खिडक्यांना तुळशीबाईकडचं अस्तराचं कापड लावून अंधार केला. भिंतीवर चित्र सुरू झालं. पहिले काही क्षण कुणाला काही कळेना. नुसत्या फळ्या, फळीवर साबणाची फाटकी जाहिरात. वरून कुठून तरी आवाज आला, “कोन शे?”

“मी, तुळशी.”

“दिसस नही वं.”

“माले बी तुम्ही दिसतस नही.”

हॉलमध्ये हशा झाला. त्या फळ्या ज्याच्या गल्ल्याच्या, तो किराणावाला सगळ्यांत जोरात हसला. मग पोटं आली, एकामागून एक, पट्टे, चेनी, लुगड्याचे ओचे, गुडघे. “हाऊ कोना पोट?” “आरे, पोलीस पाटीलना!” लोक एकमेकांना ओळखू लागले. एसटीची पायरी आली, ती छातीएवढी. लग्नाच्या पंगतीचं टेबल आलं, म्हणजे टेबलाची खालची बाजू, तिथं पोरांनी चिकटवलेले च्युइंगम. मग वरून हात आले. डोक्यावर येणारे हात. गाल धरणारे हात. हिरव्या बांगड्यांचा एक हात आला आणि आवाज, “शहानी मन्ही बाय ती.” निर्मलाबाई तुळशीबाईपेक्षा सहा वर्षांनी लहान. पुढच्या खुर्चीवर बसलेल्या निर्मलाबाईंनी हिरव्या बांगड्यांवर पदर ओढला. हसणं आता विरळ झालं होतं.

मग पोवळ्याची अंगठी घातलेला हात आला. “मी शे ना!” आणि जमीन गेली.

भिंत हलली, आकाश आडवं झालं. खाली लांब एक चप्पल सुटून पडली, पालथी. बासरी नव्हती, ढोल नव्हता. नुसता एका बाईचा श्वास, छातीत अडकलेला, मोबाईलच्या अगदी जवळचा. चित्र बदलेल म्हणून लोक वाट बघत राहिले. बदललं नाही. श्वास सुरूच. बाजूच्या माणसांचं हसणं ऐकू येत होतं, लांबून आल्यासारखं. पालथी चप्पल. मागच्या रांगेत एका म्हातारीने खुर्चीची दांडी पकडली. “ठेव वं तिले खाले,” ती भिंतीलाच म्हणाली.

चित्र संपलं. कुणीतरी खिडकीचं अस्तर काढलं, ऊन आत आलं. दगाभाऊ आपल्या अंगठीकडे बघत होता.

“तू कधी सांगं नही, तुळशे,” तो म्हणाला. “माले वाटे, तुले बरं वाटस.”

“उचलेल मानूस काय सांगी, भाऊ? तो आपली चप्पल कोठे पडनी ते देखस.”

दगाभाऊच्या सुनेने मान खाली घातली. तो उठला, पाणी पितो म्हणाला आणि बाहेर गेला.

एका पिच्चरने गाव बदललं, असं काही झालं नाही. मागून तोच जुना आवाज आला, “पन गाळाना ओटा तीन फूट शे. ती चढी कशी?” फरक एवढाच, की ह्या वेळी कुणी हसलं नाही, आणि तुळशीबाई उभी राहिली तेव्हा पुढच्या रांगेतले दोघे आपणहून बाजूला सरकले. घोकलेली वाक्यं तिला ह्या खेपेस आठवली. “बाजूले पायऱ्या घाला,” ती म्हणाली. “म्हातारा मानसं बी चढतीन. गाळा माले दया म्हनीसन नका दिज्यात. वीस वरीस मी ह्या गावना ब्लाउज शिवी ऱ्हायनी. एखादी बाईना बसना नही व्हई तं तिनी हात वर करा.”

बायांकडून एकही हात वर आला नाही. मग निर्मलाबाईंनी ठरावासाठी हात वर करायला सांगितले, तेव्हा आले. सगळे नाही आले. दगाभाऊच्या घरांपैकी तीन आले, बाकीचे दाराकडे बघत राहिले. दगाभाऊ परतला नव्हता. पण पुरले. तुळशीबाई जागची हलली नाही. ग्रामसेवकाने ठराव लिहून, शिक्का मारून त्याची नक्कल हातात देईपर्यंत ती टेबलाशी उभी होती. नक्कल पिशवीत घातली.

दोन दिवसांनी दगाभाऊ तिला गल्लीत भेटला. चार हात लांब थांबला, दोन्ही हात पाठीमागे बांधून, पोलीस ठाण्यात उभा असल्यासारखा. तेही तिला बरं वाटलं नाही. माणूस इतका अवघडलेला तिने मागितला नव्हता.

“मंगळवारे गवंडी येई,” तो म्हणाला. “पायरीसाठे.”

“सहा इंचथीन जास्त नको एक पायरी.”

“सांगस त्याले.”

“नि भाऊ, हात मोकळा करा. खांदा दुखतीन.”

तो हसला नाही, पण हात सुटले. तो फाट्याकडे गेला, ती घरात आली.

आखाजी आठ दिवसांवर आली होती. माहेरी येणाऱ्या पोरींचे अकरा ब्लाउज मशीनवर पडले होते, आणि सभेच्या गडबडीत शिवलेल्या एकाला उजवी बाही डावीकडे लागून गेली होती. हातून असं कधी होत नसे. तिने खिडकीजवळ उजेडात बसून ब्लेडने एकेक टाका काढला, दोरे फुंकून उडवले, बाही फिरवून लावली, पायडलचं खोकं पायाने जवळ ओढलं आणि मशीन सुरू केलं.